रोमन भिंत आणि आमची नातवंडे

पडक्या वास्तू पाहायला कोणाबरोबर जावे, याविषयी आमचे एक मत झाले आहे. पंडिताबरोबर गेले तर सनावळी कळते, पुजाऱ्याबरोबर गेले तर माहात्म्य कळते आणि वाटाड्याबरोबर गेले तर खिसा हलका होतो. लहान मुलाबरोबर गेले म्हणजे मात्र तेथे राहणाऱ्यांची चौकशी सुरू होते. ही माणसे झोपत कोठे? पाणी कोठून आणीत? परसाकडे कोठे जात? एवढाले दगड कोणी उचलले आणि त्यांना पैसे मिळाले का? हा शेवटचा प्रश्न आमच्या नातवाने विचारला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी आमच्याकडे असे काही पाहिले, की जणू आम्हीच तो पढवून ठेवला होता.

श्रोतेहो, २०२३ साली एप्रिलपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आम्ही उभयता इंग्लंडच्या उत्तर भागात, न्यूकॅसल शहरी, मुलीकडे राहिलो. मुलगी तेथे परिचारिका आहे आणि जावईबापूंची नोकरी पाळीची. थोरला नातू तेव्हा आठ वर्षांचा, धाकटी नात पाचाची. त्यांना सांभाळणे एवढेच आमचे काम. आमचे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते जिनिंगच्या वजनकाट्यावर आणि रात्री वाचनालयात. इंग्रजी आम्ही कामगार कायद्याच्या पुस्तकांतून शिकलो. त्यामुळे नुकसानभरपाईला इंग्रजीत काय म्हणतात हे आम्हास ठाऊक होते, पण फुलपाखराला काय म्हणतात ते नातीने शिकविले. अशी ही आमची टोळी, आणि न्यूकॅसलच्या दाराशी रोमन लोकांची भिंत. सुटीच्या दिवशी दुसरे करण्यासारखे काय होते?

ही भिंत रोमन सम्राट हेड्रियन याच्या हुकमाने इ. स. १२२ च्या सुमारास बांधावयास घेतली. पूर्व किनाऱ्याजवळच्या वॉल्सएंडपासून पश्चिमेच्या खाडीपर्यंत तिची लांबी ७३ मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर. दर रोमन मैलाला एक चौकी, दोन चौक्यांच्या मध्ये दोन बुरूज, शिवाय काही अंतरावर मोठे किल्ले. काम तीन पलटणींनी वाटून घेतले होते. शाळेच्या पुस्तकात एवढे लिहिलेले असते आणि वर हेड्रियनचे चित्र असते. चित्रातील गृहस्थाची दाढी सुबक आहे. त्याने दगड उचललेला दिसत नाही.

परंतु त्या भिंतीत काही छोटे दगड सापडले आहेत, त्यांवर दोनतीन शब्द ओबडधोबड कोरलेले असतात. त्यांचा अर्थ एवढाच, की हा तुकडा अमक्याच्या शतकाने बांधला. शतक म्हणजे रोमन पलटणीतली तुकडी. नाव शंभरीचे आणि माणसे ऐंशी. (नाव एक आणि भरती कमी, हा प्रकार हजेरीपट चाळणाऱ्याला नवा नाही.) आपल्याकडे कालव्याच्या कामावर प्रत्येक टोळीच्या हद्दीला खुंटी मारतात, तशीच ही खूण. येथून येथपर्यंत आमचे काम, पलीकडे ढासळले तर आम्हाला विचारू नका! सम्राटाच्या भिंतीत मुकादमाचे नाव शिल्लक राहिले, ते असे मोजमापाच्या कारणाने. मुकादमाच्या हाताखालच्या ऐंशी जणांची नावे मात्र त्यावर नाहीत.

वॉल्सएंड या नावाचाच अर्थ भिंतीचा शेवट. तेथील रेल्वे स्थानकावर पाट्या इंग्रजीबरोबर लॅटिनमध्येही आहेत. धूम्रपान करू नये हेसुद्धा लॅटिनमध्ये. धाकटीला अजून इंग्रजीही जुळवून वाचावे लागते, तिला दोन्ही सारखेच. तिथल्या किल्ल्याच्या पायावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोदी-कामगारांच्या चाळी उभ्या राहिल्या होत्या. १९७० नंतर त्या पाडल्या आणि खालचा रोमन किल्ला उकरून काढला. त्यात घोडदळाच्या बराकी निघाल्या. पुढच्या खोलीत तीन घोडे, मागच्या खोलीत तीन स्वार. घोड्यांच्या मुतासाठी जमिनीत खड्डा होता, त्यावरून खोली कोणाची ते ओळखले. मुलांना सबंध किल्ल्यात ही गोष्ट सर्वांत आवडली. आम्हालाही त्या खोल्यांचे माप पाहून गिरणगावच्या खोल्या आठवल्या. तेथे घोडे नव्हते, एवढाच काय तो फरक.

किल्ल्याच्या बाजूलाच स्वान हंटरची जहाजगोदी होती. टायटॅनिक बुडाली तेव्हा माणसे वाचविणारे कार्पेथिया जहाज याच गोदीत बांधलेले. २००६ साली तेथील जहाजबांधणी थांबली आणि पुढच्या वर्षी तिथल्या याऱ्या व यंत्रे विकली गेली. विकत कोणी घेतली? मुंबईच्या भारती शिपयार्ड कंपनीने. आम्ही उंच मनोऱ्यावरून पाहत होतो; एका बाजूला रोमन बराकीचे पाये, दुसऱ्या बाजूला गोदीची रिकामी जागा. थोरल्याने विचारले, ‘‘आबा, यातले जुने कोणते?’’ नदीच्या पलीकडे जॅरो गाव आहे. तिथली गोदी बंद पडल्यावर १९३६ च्या ऑक्टोबरात दोनशे बेकार कामगार पायी लंडनला गेले होते. ती हकीकत आम्ही मुलांना सांगितली. रोमन लोकांच्या सहलीत ती बसत नाही, असे आमच्या मुलीचे म्हणणे पडले. आमच्या मते बसते.

आता थोरल्याची अडचण सांगितली पाहिजे. त्याच्या शाळेत त्या सत्रात रोमन लोकांचा धडा होता आणि शेवटी एक छोटे नाटक. त्यात कोणी सेनापती, कोणी शिपाई, कोणी खानदानी बाई. आमच्या नातवाला गुलामाचे काम मिळाले. ताटे उचलायची आणि बोलायचे काही नाही. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, बाईंच्या मनात वाईट असेल असेही आम्ही म्हणत नाही. पण एका मुलाने त्याला सांगितले, की तू इथला नाहीस म्हणून तुला रोमन होता येत नाही. पोर दोन दिवस जेवले नाही धड. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही शाळेत जाऊन भांडू नका.’’ आम्ही भांडायला गेलो नाही. आम्ही त्याला घेऊन विंडोलँडाला गेलो.

विंडोलँडा हा किल्ला भिंतीच्या थोडा दक्षिणेस असून भिंतीहूनही जुना. तेथे जाणाऱ्या बसचा क्रमांकच एडी १२२, म्हणजे भिंतीचे साल! तेथे दर उन्हाळ्यात खोदकाम चालते, आणि ते करायला लांबलांबून हौशी माणसे येतात, तीही फी भरून. पदरचे पैसे मोजून मातीकाम करणारे मजूर आम्ही जन्मात प्रथमच पाहिले. त्यांच्याशी संघटनेची भाषा बोलण्यात अर्थ नव्हता.

त्या मातीत एक गुण आहे. जुन्या किल्ल्यावर नवा बांधताना रोमन लोक खालचे सारे गाडून टाकीत, वर माती दाबून बसवीत. ओल राहिली, हवा गेली नाही. त्यामुळे कातडे, लाकूड, कापड कुजले नाही. हजारो पादत्राणे निघाली आहेत, आणि त्यांत मुलांचीही. धाकटीने काचेला पाय लावून आपले माप घेतले. आजी म्हणाली, ‘‘अवं, एवढ्या थंडीत लेकरं घेऊन राहत होते काय वं हे!’’ राहत होते. एकीकडे अधिकाऱ्यांच्या घरची मुले होती आणि दुसरीकडे निराळीच गत. २०१० साली तेथील एका बराकीच्या जमिनीखाली आठदहा वर्षांच्या मुलाचा सांगाडा निघाला. रोमन लोक वस्तीत प्रेत पुरीत नसत. तेव्हा ते मूल लपवून पुरले असले पाहिजे. हे आम्ही मुलांना सांगितले नाही. थोरल्याने पाटी वाचली असावी, कारण तो बसमध्ये बराच वेळ गप्प होता.

याच मातीत १९७३ साली रॉबिन बर्ले या संशोधकाला लाकडाचे पातळ कपचे सापडले. पोस्टकार्डाएवढे, एकदोन मिलिमीटर जाडीचे, आणि त्यांवर शाईने लिहिलेले. असे दीड हजारांहून अधिक लेख आतापर्यंत हाती आले आहेत. किल्ला सोडताना ही रद्दी जाळायला काढली होती, ती अर्धवट जळून राहिली. राजाने कोरलेले शिलालेख जगभर आहेत. इथे कचेरीतली रद्दी हाती लागली आहे, आणि संघटनेच्या कामात पडलेल्या माणसाला रद्दीची किंमत कळते. मालकाचा ताळेबंद छापील असतो, पण खटला जिंकायला हजेरीची फाटकी वही उपयोगी पडते.

हजेरीची वही तेथेही आहे. एका फळीवर २५ एप्रिलची नोंद: कामशाळांत माणसे ३४३, त्यांपैकी चांभार १२, स्नानगृहाच्या बांधकामावर गवंडी १८, मग शिशावर, भट्टीवर, मातीवर, गिलाव्यावर. दुसऱ्या एका फळीवर तुंग्रियन पलटणीचा पट आहे. एकूण माणसे ७५२. त्यांतली ४५६ बाहेरगावी, जागेवर २९६. या जागेवरच्यांपैकी ३१ कामाला नालायक: आजारी १५, जखमी ६ आणि डोळे आलेले १०. हे आकडे वाचून आम्ही एकदम खाली बसलो. जिनात रुई उडते तेव्हा डोळ्यांची जी दशा होते ती आम्हाला ठाऊक. येथे रुई नव्हती. चुलीचा धूर, गर्दी, मळके पाणी असेल. पण कोणी एका कारकुनाने ‘दहा जण डोळ्यांनी हैराण’ असे स्वतंत्र लिहिले, आजाऱ्यांत मिसळून टाकले नाही, याबद्दल त्याचे आभार मानावेसे वाटले.

ही पलटण बेल्जमकडची. तिच्या पाठोपाठ तेथे आजच्या हॉलंडकडचे बटावियन आले. खास रोम शहरचा माणूस त्या थंडीत शोधावा लागेल. पुढच्या काळात टायग्रिस नदीवरचे नावाडी साउथ शील्ड्सच्या किल्ल्यात होते, भिंतीच्या पश्चिम टोकाकडे आफ्रिकेतले मूर होते, मध्ये सिरियाचे तिरंदाज होते. थोरल्याने हे सारे वहीत उतरून घेतले. त्या वर्गमित्राला दाखवायचे होते हे उघड आहे. आम्ही त्याला म्हटले, की गड्या, ही झाली शिपायांची यादी. तुझे काम गुलामाचे. त्याच्याबद्दल काही मिळते का ते पाहू.

मिळाले. त्या फळ्यांत एका गुलामाने दुसऱ्याला धाडलेले पत्र आहे. लिहिणारा सेव्हेरस, ज्याला लिहिले तो कँडिडस, किल्लेदार जेनियालिसचा गुलाम. थंडीतला सॅटर्नेलिया नावाचा सण येऊ घातला आहे, त्याच्या खरेदीविषयी पत्र आहे. अमुक वस्तू चार किंवा सहा आस किमतीची पाहा, मुळे अर्ध्या दिनारहून कमी किमतीचे नकोत. कँडिडसला तो भाऊ म्हणतो. मुळ्यांचा बाजार, भाव, आणि भाऊ! एवढेच पत्र. पण ते वाचून दाखविल्यावर थोरला म्हणाला, ‘‘आबा, म्हणजे याला लिहिता येत होते?’’ येत होते. ताटे उचलणारा माणूस हिशेब करीत होता, भाव जाणत होता, सणाची तयारी करीत होता. नाटकात त्याला एक वाक्य तरी पाहिजे. पोराने घरी जाऊन आपणच ते वाक्य लिहिले, मुळ्यांविषयी. बाईंना दाखविले, आणि बाईंनी ते घेतले. बाईंचे हे चांगलेच झाले. वाक्यावर लोक हसले, असे मुलीने सांगितले.

आमच्या स्वतःच्या मनात घर करून राहिली ती दुसरी एक फळी. ती तक्रार-अर्ज आहे. अर्जदार व्यापारी दिसतो. त्याला छड्यांनी रक्त येईतो मारले, त्याचा माल नासला. तो म्हणतो, मी समुद्रापलीकडून आलेला माणूस, निरपराध आहे. त्याने आधी किल्लेदाराकडे दाद मागावयाचे ठरविले, तर किल्लेदार आजारी. मग खालच्या अधिकाऱ्यांकडे गेला, तुकडीच्या नायकांकडे गेला. कोणी ऐकले नाही. म्हणून आता थेट वरच्या सरकारांस विनंती करतो आहे. हे ‘वरचे सरकार’ म्हणजे प्रत्यक्ष सम्राट हेड्रियन असावा असे काही विद्वान मानतात, काही प्रांताधिकारी मानतात. अर्ज कोऱ्या फळीवर नाही. गव्हाच्या हिशेबाच्या पाठीवर लिहिला आहे.

श्रोतेहो, असे अर्ज आम्ही तीस वर्षांत किती लिहिले असतील! साहेब रजेवर, त्याखालच्या साहेबाला अधिकार नाही, मुकादम म्हणतो वर जा. तो क्रमसुद्धा तोच आहे. एक गोष्ट मात्र खटकते. तो म्हणतो, मी परमुलखातला असून मला मारले. म्हणजे इथल्या गावकऱ्याला मारले असते तर गोष्ट वेगळी, असे त्याला म्हणायचे आहे की काय? त्याच किल्ल्यात एका लेखात स्थानिक लोकांना ‘ब्रिटुलडे’ म्हणावे अशा तुच्छतेच्या शब्दाने हिणविले आहे. वर चढलेला खालच्याला आणि बाहेरचा आतल्याला, हे तेव्हाही होतेच. त्या अर्जाचे उत्तर सापडलेले नाही.

साउथ शील्ड्सच्या संग्रहालयातील एका थडग्याच्या शिळेविषयी थोडक्यात सांगतो. सिरियातील पल्मायरा शहरचा बरातेस नावाचा माणूस या किनाऱ्यावर येऊन राहिला. त्याची बायको रेजिना इंग्लंडच्या दक्षिणेकडील एका टोळीची. आधी त्याची गुलाम, मग मुक्त केलेली. तिसाव्या वर्षी वारली. शिळेवर ती सूत कातायच्या सामानासह बसली आहे. खाली मजकूर लॅटिनमध्ये, आणि शेवटची एकच ओळ पल्मायराच्या लिपीत. त्या परगावात ती ओळ वाचणारे कितीसे असणार? तरी दुःखाची ओळ त्याने आपल्या भाषेत घातली. आमची मुलगी ती शिळा पाहून काही बोलली नाही. ती मुलांना रागावते मात्र मराठीत, हे आम्ही पाहिले आहे.

एका विंडोलँडाच्या फळीवर कोणा शिपायाच्या खात्यावर मिरीचे दोन दिनार मांडलेले आहेत. ही मिरी आपल्या मलबारची. तेव्हा साहजिकच थोरल्याने विचारले, ‘‘रोमन लोक नांदगावला आले होते का?’’ नांदगावला आल्याचा पुरावा नाही. पण त्यांचा व्यापार आपल्या सातवाहनांच्या मुलखाशी होता. पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहितीपुस्तिका लिहिली आहे. त्यात भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर सांगितले आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले आजचे तेर. तेथून साधे कापड आणि तलम कापड गाड्यांवर घालून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जाई, असे तो लिहितो. गाडीवान आणि विणकर कोण होते ते तो लिहीत नाही. त्या काळच्या वस्तू तेरच्या लामतुरे संग्रहालयात पाहावयास मिळतात. आपल्या जिल्ह्यात वर्धेकाठी कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून आपण तेथे जातो. तेथील उत्खननातही सातवाहन काळाचे थर लागले आहेत.

त्याच पुस्तिकेत आणखी एक यादी आहे. भडोचच्या बाजूच्या राजासाठी काय काय आणावे: रुप्याची भांडी, उंची मद्य, गाणारे मुलगे, अंतःपुरासाठी देखण्या मुली. मद्य आणि भांडी यांच्या ओळीत मुले! इतिहासाच्या पुस्तकांत या व्यापाराचे वर्णन भरभराट म्हणून येते, आणि आपण अभिमानाने वाचतो. भरभराट होतीच. रोमच्या प्लिनी नावाच्या ग्रंथकाराने हिंदुस्थानकडे दरसाल पाच कोटी सेस्टर्स जातात म्हणून कुरकुर केली आहे. पण ते गाणारे मुलगे कोणाचे होते, कोणत्या गावचे, त्यांना किती वर्षे झाली असतील, याची नोंद कोठे नाही. त्यांच्यासाठी विंडोलँडासारखी ओली माती कोठेतरी असावी असे आम्हाला फार वाटते.

मुले परतीच्या भेटीला त्याच वर्षी डिसेंबरात नांदगावी आली आणि अर्थातच पहिल्या दिवशी खंडेश्वराच्या देवळात गेली. आपण या देवळाला हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा प्रधान. तो महादेव आणि रामचंद्र या राजांच्या पदरी होता, म्हणजे १२६० नंतर. आणि आपल्या येथील शिलालेख त्यांच्या आधीच्या कृष्ण यादवाच्या काळातला, शके ११७७ चा. तेव्हा निदान या देवळाचे श्रेय प्रधानसाहेबांना देण्याआधी थांबले पाहिजे. चुन्याशिवाय दगडावर दगड बसविण्याची ही विद्या पाथरवटांची. तिला नाव मात्र पडले दफ्तरातल्या माणसाचे.

थोरला भिंतीच्या कडेने फिरून शतकाच्या दगडासारखी काही खूण दिसते का ते शोधीत राहिला. त्याला काही मिळाले नाही. मग त्याने आवारातील एक सुटा दगड फूटपट्टीने मोजला: लांबी चार फूट, रुंदी दोन, जाडी दीड. बारा घनफूट. काळा दगड घनफुटाला ऐंशी किलोच्या आसपास भरतो, म्हणजे जवळजवळ एक टन. हमाल संघटनांनी वर्षानुवर्षे भांडून शंभर किलोचे पोते पन्नास किलोवर आणले, हे त्याला आमच्याकडून ठाऊक होते. त्याने पन्नासाने भागले आणि वीस माणसे काढली. पण वीस माणसे या दगडाभोवती उभी कोठे राहणार, असे विचारून तो पुन्हा मोजायला बसला. दांड्यावर घेतला तर किती, उतरण करून ओढला तर किती, असे तो वहीत मांडू लागला. धाकटीचे म्हणणे, बैल असतील. आम्ही तिघांनी मिळून तो हिशेब अंधार पडेपर्यंत केला. दांड्यावर सोळा आणि उतरणीवर बारा, इथपर्यंत आम्ही आलो आहोत.